सलोमीबाईंसाठी काय मागायचं

एका गावात ख्रिस्ती घरं होती चाळीस आणि चर्च एक. त्या चर्चमध्ये ढोलकी वाजवावी की वाजवू नये, यावरून चाळीस घरांनी तीन वर्षं नुसता उच्छाद मांडला होता. वाजवू नये म्हणणाऱ्यांचे पुढारी शांतवन मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, उपासनेला पेटी वाजवायचे. वाजवावीच म्हणणाऱ्यांच्या पुढे सलोमीबाई. मास्तरांपासून चौथ्या घरात एकट्या राहायच्या, आणि गळा असा खणखणीत की पेटी ऐकूच येऊ नये.

बरं, भांडायचं तर माणसाने सरळ तोंडावर भांडावं. पण नाही, हे भांडायचे प्रार्थनेत. दर रविवारी मोकळ्या प्रार्थनेची वेळ असे. ज्याला वाटेल त्याने उभं राहून प्रभूशी बोलावं. मास्तर उठायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हे प्रभू, आमच्या सलोमीबाईंना सद्बुद्धी दे. तुझं मंदिर म्हणजे तमाशाचा फड नव्हे, हे त्यांना कळू दे." ते बसतात न बसतात तोच बाई उभ्या. "हे प्रभू, मास्तरांवर दया कर. त्यांना पेटीपलीकडे काही ऐकू येत नाही, त्यांचे कान उघड." सगळ्यांनी आमेन म्हणायचं आणि घरी कालवण गार होऊ द्यायचं. देवाचीही कमाल म्हणायची, तीन वर्षं निमूट ऐकून घेतलं त्याने.

शेवटी चर्चमध्ये उपासना चालवणारे पाळकसाहेब वैतागले. त्यांनी नियमच करून टाकला. "ज्याला दुसऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची असेल, त्याने शनिवारी त्याच्या घरी जायचं. तुमच्यासाठी काय मागू, असं विचारायचं. तो सांगेल तेवढंच रविवारी मागायचं. जमत नसेल तर गप्प बसायचं."

मास्तरांचं डोकंच फिरलं. आता त्या बाईच्या दारात जायचं? पण गप्प बसणं त्यांना त्याहून अवघड. शनिवारी सकाळी चडफडत गेले. सलोमीबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मास्तर उभ्यानेच म्हणाले, "पाळकसाहेबांचा हुकूम आहे म्हणून आलोय. बोला, काय मागू?"

"खरंच मागणार?"

"मागणार म्हटलं ना. ढोलकी सोडून काहीही सांगा."

बाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "पोटात गाठ आहे, मास्तर. सोमवारी तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन सांगितलंय. कागदावर सही करायला माणूस आणा, नाहीतर करणार नाही म्हणतात. लेक तिकडे गुजरातेत बाळंतीण, ती कुठून येणार? एकटीच जाऊन हातापाया पडून बघते. भीती वाटू नये, एवढं मागा माझ्यासाठी."

मास्तर चरकले. तीन वर्षं एकही रविवार न चुकवता या बाईचं नाव घेतलं आणि ती आजारी आहे, याचा पत्ता नाही! स्वतःचाच असा संताप आला की तो नेमका बाईंवरच निघाला. "मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही माझ्याबद्दल देवाशी बोलायचात," सलोमीबाई म्हणाल्या. "माझ्याशी कुठे बोलायचात?"

रविवारी मास्तर उठले आणि एवढंच म्हणाले, "प्रभू, सलोमीबाईंना भीती वाटू देऊ नकोस." लगेच खाली बसले. उपासना सुटल्यावर त्यांच्या बाजूचे लोक भोवती जमले. "काय मास्तर, फिरलात वाटतं?"

"फिरायला काय झालंय? ढोलकी चूकच आहे," मास्तर खेकसले. "उद्याची पहिली एसटी कितीला आहे, ते सांगा आधी."

सोमवारी दोघं एसटीने निघाले. अर्ध्या वाटेत ढोलकीवरून जुंपलीच. कंडक्टरने दोनदा मागे वळून पाहिलं. दवाखान्यात नर्सने संमतीचा कागद मास्तरांपुढे सरकवला. "जबाबदारी घेणारे तुम्हीच ना? इथे सही करा. आणि इथे रुग्णाशी नातं लिहा."

मास्तरांचा पेन अडला. या बाईशी आपलं नातं काय? तीन वर्षं तर नुसतं वैर पोसलं होतं. नर्स घाई करू लागली. मास्तरांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, भाऊ.

"सख्खे?" नर्सने विचारलं.

"एकाच बापाची लेकरं आहोत आम्ही," मास्तर म्हणाले.

सलोमीबाईंनी मान वाकडी करून तो कागद वाचला. त्यांचे डोळे भरून आले. पण स्वभाव तो स्वभाव. आत नेताना म्हणाल्याच, "मग ढोलकीचं काय?"

"चूकच आहे," मास्तर म्हणाले. आणि दुपारी बाई शुद्धीवर आल्याचं कळेपर्यंत ते दाराबाहेरच्या बाकावरून हलले नाहीत.

तात्पर्य: ज्याचं मत आपल्याला पटत नाही, त्याला सुधार म्हणून देवाच्या मागे लागण्याआधी त्याच्या दारात जाऊन त्याला काय हवं ते विचारावं. प्रीती करायला एकमत व्हावं लागत नाही, उठून जावं लागतं.