केदारसेन राजा आणि साळू घोडी

पांघरूण घेतलं का सगळ्यांनी? मग ऐका. एक होता राजा. त्याचं नाव केदारसेन. मनानं लोण्याहून मऊ, आणि देहानं... हं, हसायचं नाही. देहानं जरा जास्तच भारी. हसलात तर गोष्ट बंद.

त्यात त्याची एकट्याची चूक नव्हती, बरं का. त्या राज्यात पंगतीच्या दोन रीती होत्या. एक, पानात मोकळी जागा दिसली की वाढायचं. दुसरी, पानात वाढलेलं टाकायचं नाही. आता सांगा, माणसानं उठायचं कधी? राजाला आई नव्हती, आत्याबाईंनीच त्याला लहानाचं मोठं केलेलं. त्या तुपाची वाटी घेऊन शेजारी बसायच्या. "माझी शपथ आहे राजा, एवढी एक पुरणपोळी!" राजाला नाही म्हणता यायचं नाही. मग एकीच्या चार व्हायच्या.

राजाची एक घोडी होती, साळू. राजा एवढासा होता तेव्हापासून ती त्याला पाठीवर घेऊन फिरलेली. दरवर्षी दसऱ्याला राजा तिच्यावर बसून वेस ओलांडायचा, सोनं लुटायला. एका वर्षी काय झालं, राजा बसला, साळू चार पावलं चालली, आणि वेशीच्या अलीकडेच तिचे पुढचे पाय दुमडले. बसलीच ती खाली. सगळ्या लोकांसमोर. ढोल थांबले.

मग प्रधान ओरडला, "घोडी अपशकुनी झाली, महाराज! शिलंगणाला बसलेलं जनावर राज्यात ठेवू नये." लोक म्हणाले, खरंच की. राजाला ठाऊक होतं, शकुन नाही आणि अपशकुन नाही, हे आपलं वजन आहे. शब्द जिभेवर आलेही होते. पण एवढ्या लोकांत स्वतःच्या तोंडानं सांगायचं कसं? लाज वाटली. तो गप्प बसला. मग साळूच्या कपाळाला काळं फासलं आणि तिला डोंगराकडच्या माळावर हाकलून दिलं. जाताना तिनं एकदा मागं वळून पाहिलं. राजानं मान खाली घातली.

त्यानंतर राजाला घास गिळवेना, असं वाटेल तुम्हाला. छे! तो दुप्पट खाऊ लागला. लाज वाटली की खायचा, आणि खाल्लं की लाज वाटायची. उशाशी लाडवांचा डबा असायचा, तो सकाळी रिकामा.

शेवटी एका सकाळी तो साळूची माफी मागायला निघाला. दुसऱ्या घोड्यावर बसायचा धीर होईना, म्हणून पायीच. माळाच्या वाटेवर कडुनिंबाची झाडं होती. पहिल्याच झाडाखाली राजा धापा टाकत बसला, आणि परत आला. विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. त्या काही हसल्या नाहीत, पण राजाला वाटलं, हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरं झाड गाठलं. मग तिसरं. असं रोज एकेक झाड. दिवाळी गेली, संक्रांत आली, तेव्हा कुठं माळ दिसला.

साळू चरत होती. कपाळावरचं काळं तसंच. राजा म्हणाला, "साळू, चुकलो गं मी." आणि रडायला लागला. मग काय नवल झालं! साळू माणसासारखी बोलली. मुक्या जनावरानं फार सोसलं ना, की ते बोलतं. म्हणाली, "तुझी चूक मला ठाऊकच आहे. मला कशाला सांगतोस?" आणि तिनं पाठ फिरवली.

राजा पुन्हा गेला. आता दम जरा कमी लागत होता. साळू म्हणाली, "माझं पोट भरलं की मी मान वर करते. तू कधी करतोस?" बस, तेवढंच. त्या दुपारी राजानं पानावर हात आडवा धरला आणि म्हणाला, "पुरे." आत्याबाईंचा हात वाटीसकट थांबला. "माझं वाढणं नकोसं झालं का रे?" राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हात काढला नाही. त्या दिवशी एक पोळी कमी झाली. महिन्यानं आणखी एक.

तिसऱ्यांदा गेला, तेव्हा साळूनं त्याचं तोंड हुंगलं. "काल निजताना लाडू खाल्लेस." राजा कानापर्यंत लाल झाला. राजा असून घोडीपुढं चोरी पकडली गेली, बघा! मग उशाशी होता तो डबा कोठीघरात गेला. आठवण आली तरी अंथरुणातून उठून एवढं लांब कोण जाणार? राजा तसा आळशीच. तो आळस पहिल्यांदा कामाला आला.

हळूहळू अंगरखा सैल झाला. लोक म्हणू लागले, "वा महाराज!" ती प्रत्येक 'वा' राजाला चाबकासारखी लागायची. अंग हलकं होत होतं, मन काही हलकं होईना.

पुन्हा दसरा आला. प्रधानानं पांढराशुभ्र नवा घोडा सजवून उभा केला. पण राजा पहाटेच माळावर गेला होता. तो आला साळूला घेऊन, तिच्या गळ्यातला दोर हाती धरून, चालत. लोक मागं सरले. "अपशकुनी! सोडा तिला, महाराज!" राजानं दोर सोडला नाही. मग तो म्हणाला,

"ही आपणहून बसली नव्हती. माझ्या वजनानं तिचे पाय दुमडले. मला तेव्हाच कळलं होतं. मी लाजेनं गप्प बसलो, आणि काळं हिच्या कपाळी लागलं."

आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "आग्रह माझाच होता रे, राजा."

"आग्रह तुमचा, आत्याबाई. पण गप्प बसलेलं तोंड माझं."

मग त्यानं खांद्यावरचा जरीचा शेला ओला केला आणि साळूचं कपाळ पुसायला लागला. वर्षाचं काळं ते, लवकर निघेना. तो पुसत राहिला. सगळे लोक बघत होते, आणि त्यानं बघू दिलं.

कपाळ स्वच्छ झालं. तेव्हा साळू म्हणाली, फक्त त्याला ऐकू येईल असं, "बस." राजा बसला. तो काही काडीसारखा झाला नव्हता, बरं का. चांगला गोलमटोलच होता अजून. म्हणून त्यानं श्वास रोखून धरला, तेवढंच वजन कमी भरेल म्हणून.

"श्वास सोड, राजा," साळू म्हणाली.

राजानं श्वास सोडला, आणि साळू त्याला घेऊन वेशीबाहेर पडली.

मग राजा, आत्याबाई आणि साळू सुखानं राहिले, जेवले, हिंडले-फिरले. तुमच्यापैकी कुणी काही लपवून ठेवलं असेल, तर सकाळी मला सांगा. मी रागावणार नाही. आता मिटा डोळे.