काळ्या तोटीवरच्या दातखुणा

खरं सांगून सांगून तोटीचा घसा बसला, पण तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

बँड आल्याशिवाय नवरदेव घोड्यावर चढत नसे, तेव्हाची गोष्ट. सॅक्सोफोनच्या टोकाला बसणारी, वादकानं ओठांत धरायची ही काळी तोटी गजाबाची होती. गजाबा रोज पहाटे विहिरीवर जाऊन एकच सूर दम संपेस्तोवर धरायचा. त्याच्या दातांच्या खुणा तिच्या पाठीवर उमटल्या होत्या. तो वारला आणि गावोगावचे वादक तिच्याभोवती घोंगावू लागले. "सगळा सूर हिच्यातच भरलाय!" त्याचं नाव मात्र कुणी घेईना. ते एकदा तरी कानी पडावं म्हणून तोटी झुरायची.

शेवटी त्यांतल्या हणमंतानं बैल देऊन तिला मिळवली. तो फुंकायचा, ती किंचाळायची.

"अरे, सूर माझ्यात नव्हता, त्याच्या छातीत होता," तोटी म्हणायची. "पहाटे ऊठ, विहिरीवर जा!"

"म्हातारी चळली," तिच्यावर बांधलेली, फुंकरीनं थरथरणारी वेताची पट्टी खिदळायची.

"सूर दडवून बसलीय सटवी!" म्हणत हणमंतानं कानस घेतली आणि तिला आतून घासली. मग तिला किंचाळताही येईना.

त्यानं तिला पेटीत आदळलं. पाठीवरच्या खुणांवर बोट ठेवून तो म्हणाला, "चावून चावून हिची पार वाट लावली."

"कुणी हो?" पट्टीनं विचारलं.

तोटीनं जीव कानांत गोळा केला.

"दुसरं कोण? गजाबानं."