हैबतरावाचे तिसरे चाक

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक मोटरसायकलवाला राहत होता. मोटरसायकली तशा गावात घरोघरी होत्या. पण ‘मोटरसायकलवाला कुठे राहतो’ असे कुणी विचारले, तर लोक एकाच दाराकडे बोट दाखवत. ते दार हैबतराव निकमाचे. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो दोन चाकांवर होता आणि आता मिशा पांढऱ्या झाल्या तरी खाली उतरायला तयार नव्हता.

दसऱ्याला लोक शिवेपर्यंत जाऊन सीमोल्लंघन करतात. या गावचे मोटरसायकलवाले मात्र शिवेवर थांबत नसत. सकाळी गाड्यांना झेंडूच्या माळा घालायच्या, चाकाखाली लिंबू ठेवायचे, नारळ फोडायचा आणि रांगेने घाट उतरून थेट समुद्र गाठायचा, अशी त्यांची रीत होती. रांगेत पहिली ती मानाची गाडी. भगवा झेंडा तेवढा तिलाच. हा मान वर्षानुवर्षे हैबतरावाकडे होता, आणि त्याच्या मागच्या बैठकीवर असे त्याची बायको इंदुमती. घाट सुरू झाला की तिचे तोंडही सुरू होई. कुणाच्या सुनेने काय केले, कुठल्या झाडाला यंदा फणसच धरला नाही, सगळे ती त्याच्या कानाशी सांगे. तो नुसता ‘हं’ म्हणे. गावात कधी बोलला नाही, पण घाट त्याला आवडे तो या बडबडीसाठी.

गेल्या दसऱ्याला मात्र घात झाला. परतताना चहाच्या टपरीपाशी, उतारावर, त्याने गाडी थांबवून पाय टेकला आणि गुडघ्याने दगा दिला. एवढी जड गाडी आडवी झाली. इंदुमती खाली सापडली आणि तिचे मनगट मोडले. पुढे हाड सांधले. पण त्यानंतर तो गाडी काढून ‘चल’ म्हणाला की ती उंबऱ्याशीच थांबू लागली.

“मी रागावले न्हाई तुमच्यावर,” ती म्हणाली. “पर गाडीवर बसायला पायच उचलत न्हाई. त्याला मी काय करू?”

रागावली असती तर हैबतरावाने समजूत काढली असती. भीतीची समजूत कशी काढणार? वर्षभर तो एकटाच हिंडला. मागची रिकामी बैठक दिसू नये म्हणून त्याने आरसाच वर फिरवून ठेवला.

अशात भाद्रपदात त्याला एक बातमी लागली. शहरातल्या कुणा हौशी गृहस्थाने लांबच्या प्रवासाची तीनचाकी मोटरसायकल विकायला काढली होती. हैबतराव बघायला गेला आणि बघतच राहिला. पुढे एक चाक, मागे दोन रुंद चाके. मागची बैठक म्हणजे आरामखुर्चीच, पाठीला गादी आणि दोन्ही बाजूंना हात. सामानाला मागे चांगली ऐसपैस पेटी. शिवाय गाडी थांबली की पाय टेकायलाच नको. पाय टेकायचा नाही, तर गुडघा दगा देईल कसा? आणि जी गाडी पडतच नाही, तिला इंदू भिईल कशाला? हैबतरावाला इतका आनंद झाला की भाव करायचेही तो विसरला. जुनी दोनचाकी त्याने पोपट शेवाळेला देऊन टाकली. पोपट म्हणजे रांगेत कायम दुसरा असणारा गडी.

टेम्पोतून नवी गाडी चौकात उतरली तेव्हा अर्धा गाव लोटला. म्हातारे काठी टेकत आले, पोरे पेटीत शिरून बसली. थट्टेलाही ऊत आला.

“दादा, शीट किती भरायची?” एकाने विचारले.

“दादांनी पोरावानी मागनं आधाराची चाकं लावली,” पोपट म्हणाला.

हैबतरावाला त्याचे काही वाटले नाही. त्याचे सगळे लक्ष इंदुमतीकडे होते. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. मागची गादी बोटाने दाबून पाहिली.

“बसायला झ्याक हाय,” ती म्हणाली. “तुमास्नी नीट चालवता आली की बसंन.”

“चालवता आली की?” हैबतराव हसला. “दोन चाकांवर जन्म काढला. हिच्यात तर एक चाक जादा. हिला काय शिकायचं?”

असे म्हणून त्याने सगळ्यांसमोर गाडी सुरू केली. इंजिन घुमले, हैबतरावाची छाती फुगली, गाडी ऐटीत निघाली. चावडीपुढे रस्ता उजवीकडे वळतो. हैबतरावही उजवीकडे वळला. गाडी मात्र डावीकडे गेली आणि सरळ उकिरड्यात घुसली.

कुणाला काही कळेना. गाडीत काही दोष नव्हता, दोष हैबतरावाच्या हातात होता. दोन चाकांवर वेगात उजवीकडे वळायचे, तर मुरलेला गडी उजवी मूठ किंचित पुढे दाबतो. गाडी उजवीकडे कलते आणि आपसूक वळते. हात हे इतक्या वर्षांत न सांगता करू लागलेला असतो, त्याच्या मालकालाही ते ठाऊक नसते. तीन चाकांची गाडी कलत नाही. तिची उजवी मूठ पुढे दाबली, तर पुढचे चाक बिचारे सांगितल्याप्रमाणे डावीकडे वळते.

हैबतरावाने गाडी उकिरड्यातून बाहेर काढली, शेण पुसले आणि पुन्हा निघाला. या खेपेस वळण कसेबसे निभावले. पण पाराजवळ थांबताना जुन्या सवयीने पाय खाली गेला. मागचे रुंद चाक पुढे सरकले ते त्याच्या टाचेवरच चढले. पायात जाड बूट होता म्हणून हाड वाचले. गावाची मात्र हसून हसून मुरकुंडी वळली.

त्या दिवशी गाडीवर ताडपत्री पडली. दुसऱ्या दिवशी पोपट मोठ्या मायेने आला.

“दादा, यंदा तुम्ही वहिनींना घेऊन जीपनं या,” तो म्हणाला. “झेंड्याचं मी बघतो.”

पोपट गेला तरी ते शब्द गेले नाहीत. हैबतराव दिवसभर ताडपत्रीकडे पाठ करून बसून राहिला. आपण मोटरसायकलवाले नाही, तर मग कोण, हे त्याचे त्यालाच सांगता येईना. शेवटी इंदुमतीने चहा आणून पुढे ठेवला.

“मालनकडं जावा,” ती एवढेच म्हणाली.

मालन कुंभार गावात शिवणाचे वर्ग घेत असे. लहानपणी पोलिओने तिचा एक पाय गेला होता. तिने एका स्कूटरला मागे दोन चाके बसवून घेतली होती, आणि त्या तीनचाकीवर ती बाजार, बँक, माहेर, सगळे करी. घाट उतरून कोकणातून कापडही आणी. हैबतराव तिला कायम वाटेत भेटे. भेटे म्हणजे काय, तर मोठा हॉर्न वाजवून पुढे निघून जाई. तिच्या स्कूटरला तो गाडी मानतच नव्हता, आणि दसऱ्याच्या रांगेत तिला या म्हणावे असे त्याच्या काय, कुणाच्याच कधी मनात आले नव्हते.

आता तिच्या दारात उभे राहायचे म्हणजे त्याला घाट उलटा चढण्यासारखे वाटले. तरी तो गेला.

“हैबतदादा, आज हॉर्न न वाजवता?” मालन म्हणाली.

“तीन चाकं शिकायचीत,” हैबतराव म्हणाला. घसा खाकरून त्याने पुढचेही सांगून टाकले. “मला येत न्हाईत.”

मालनने शिवणयंत्र थांबवले. “एवढं बोललात, म्हंजे आर्धं आलं. उद्या सकाळी शाळेच्या मैदानात या.”

मैदानात मालनने पहिल्याच दिवशी पिशवीतून कापडाच्या पट्ट्या काढल्या. पोलक्याच्या कापडाच्या होत्या, एक गुलाबी, एक पोपटी. तिने त्या हैबतरावाच्या हाती दिल्या.

“पाय गाडीच्या पायरीला बांधा,” ती म्हणाली. “डोक्याला कळलंय तुमच्या, पायाला अजून न्हाई कळलं.”

हैबतरावाने मुकाट पाय बांधून घेतले. मग मालन पुढे आणि तो मागे, अशा फेऱ्या सुरू झाल्या. “दाबू नका, वळवा. ओढा तिला. वळणाच्या आधी हळू, वळणात न्हाई.” हैबतरावाचे दंड भरून आले. घामाच्या धारा लागल्या. पण हळूहळू गाडी त्याचे ऐकू लागली आणि त्याहून नवल म्हणजे तो गाडीचे ऐकू लागला. एकदा तर त्याने पूर्ण मैदान असे सफाईने गोल घेतले की त्याला लहान मुलासारखे हसू फुटले. सायकल पहिल्यांदा आली होती तेव्हा असेच झाले होते. हा आनंद पुन्हा मिळतो हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

नेमका तेव्हाच पोपट चार दोस्तांना घेऊन कुंपणाशी आला. सगळे त्या गुलाबी-पोपटी पट्ट्यांकडे बघत होते. हैबतरावाचे कान तापले. दोन गाठी सोडायला कितीसा वेळ लागतो? त्याचा हात खाली गेलासुद्धा. पण मालन पुढे वळणाशी थांबून त्याचीच वाट पाहत होती.

हैबतरावाने हात वर घेतला आणि मूठ धरली.

“दादा, हे काय चाललंय?” पोपटाने विचारले.

“शिकतोय,” हैबतराव म्हणाला आणि पुढच्या फेरीला निघाला.

दसरा उजाडला. चौकात गाड्याच गाड्या उभ्या राहिल्या. झेंडूचा ढीग पडला, हलगी कडाडू लागली. मानाची जागा म्हणून सगळ्यांनी तीनचाकी पुढे आणून ठेवली. शेवटी दादा ते दादाच. पोपटानेसुद्धा स्वतःच्या हाताने तिला झेंडा बांधला. इंदुमतीने गाडीला हळदकुंकू वाहिले आणि ती बाजूला उभी राहिली. तिने नवी साडी नेसली होती, पण ती गाडीवर बसली नव्हती. हैबतरावाला सगळे समजले. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते आज होणार होते किंवा कधीच होणार नव्हते.

मालन गंमत बघायला स्कूटरवरून आली होती. हैबतरावाने हलगीवाल्याला हाताने थांबवले.

“मालनबाई,” त्याने सगळ्यांदेखत विचारले, “मी पास का नापास?”

मालन जरा अडखळली. सणाच्या दिवशी कुणाचे मन मोडावे? पण घाट काही सण बघत नाही, हे तिला चांगले ठाऊक होते.

“सपाटीला पास,” ती म्हणाली. “घाटाला अजून कच्चे. पुढं राहिलात की जुना हात जागा व्हतोय तुमचा. माझ्या मागनं, माझं बघत आलात, तर उतराल.”

 मग पोपट पुढे झाला. “मानाची गाडी कधी मागं राहत न्हाई, दादा. इतक्या वर्षांचा मान हाय.”

हैबतरावाने झेंड्याकडे पाहिले. झेंडा त्याचा फार लाडका होता.  मग त्याने इंदुमतीकडे पाहिले. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. आपल्याला आज काय द्यायचे आहे ते त्याला उमगले.

त्याने झेंड्याची गाठ सोडली. मालनच्या स्कूटरपाशी गेला आणि तो तिच्या हँडलला स्वतः बांधला.

“तुम्ही पुढं चला,” तो म्हणाला. “मी तुमच्या मागनं येतो.”

मालनने पदराने डोळे टिपले आणि स्कूटर रांगेच्या पुढे घेतली. हैबतराव आपल्या गाडीवर बसला. काही क्षण गेले. मग गाडी मागच्या बाजूला थोडी दबली. त्याने आरशात पाहिले. इंदुमती गादीला पाठ टेकून नीट बसली होती आणि पदर खोचत होती.

नारळ फुटला. हलगीने एकच दणका दिला. पुढे भगवा झेंडा लावलेली स्कूटर, मागे तीनचाकी आणि तिच्यामागे साऱ्या दोनचाकी गाड्या, अशी रांग घाटात शिरली. पहिल्याच वळणाला हैबतरावाची उजवी मूठ शिवशिवली. पण पुढे मालनचे हँडल वळलेले दिसले, तसे त्याने आपले वळवले. दुसरे वळण आले, तिसरे आले. मालन हळू झाली की तो हळू होई. मागे इंदुमती अगदी गप्प होती. तिने बैठकीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते, हे त्याला न बघताच कळत होते. अर्धा घाट असाच गेला. मग एका वळणावर खालची दरी हिरवीगार उघडली आणि कानाशी आवाज आला.

“शेजारणीच्या थोरल्या सुनेनं काय केलं, ठाव हाय का?”

हैबतरावाचे डोळे भरून आले. त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हते.

“हं,” तो म्हणाला.

मग बडबड थांबलीच नाही. घाट संपला, नारळीच्या बागा आल्या, खारा वारा अंगावर आला, तरी तिचे चालूच होते. समुद्र दिसला तेव्हा पोरांनी एकच गिल्ला केला. वाळूच्या कडेला गाड्या ओळीने थांबल्या. हैबतराव थांबला तेव्हा त्याचे दोन्ही पाय पायरीवरच होते, आणि ते त्याच्या लक्षातही आले नाही.

इंदुमती मात्र खाली उतरेना. ती गादीवर रेलून लाटांकडे बघत बसली होती.

“अवो,” ती म्हणाली, “परत जाताना घाटात माझा जरा डोळा लागला, तर चालंल न्हवं?”

हैबतरावाने वळून तिच्याकडे पाहिले. साऱ्या जन्मात त्याला इतका मोठा मान कुणी दिला नव्हता. उत्तर अगदी ओठावर आले होते, पण त्याने ते आवरले.

“थांब,” तो खाली उतरत म्हणाला, “मास्तरीणबाईंना विचारून येतो.”

तात्पर्य: हात मुरलेला असला तरी नवी वाट धरताना जो शिकाऊ व्हायला लाजत नाही, त्याच्याच भरवशावर माणसे निर्धास्त डोळे मिटतात.