आवडूचा वाटा

शिरगाळचा किनारा आताच्यापेक्षा रुंद होता आणि समुद्र आताच्यापेक्षा उदार होता, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. गावात आवडू नावाची म्हातारी होती. ती रापणीचे वाटे करायची.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. ते कुणा एकाचं नसायचं. घरोघरी एकेक तुकडा विणायचा आणि सगळे तुकडे जोडून जाळं करायचं. होडीने ते समुद्रात सोडलं की सारा गाव दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून ओढायचा. मग वाळूवर मासळीचे सारखे वाटे पडायचे. आवडू त्यांच्याकडे पाठ करून, समुद्राकडे बघत उभी राहायची. मागून कुणीतरी एका वाट्यावर काठी टेकवून विचारायचं, "ह्यो कोणाचो?" आणि ती न बघताच एखाद्या घराचं नाव घ्यायची. म्हणजे तोंड बघून वाढायची सोयच नव्हती. उरेल तो शेवटचा वाटा तिचा.

त्याच गावात बाबल तांडेल होता. त्याची गलबतं होती. माणूस वाईट नव्हता हो, बोलायला तर फारच गोड. कुणाचा तुकडा कुजला की म्हणायचा, "ऱ्हवांदे, माजो लाव." लोक त्याला दुवा द्यायचे. असं करता करता बहुतेक जाळं त्याचंच झालं. मग एका सकाळी तो म्हणाला, "जेचो तुकडो, तेचो वाटो. दोरी काय, कोण पण ओढता."

लोक दोरी ओढत राहिले. याने तुकडे काढून नेले तर खायचं काय, हीच धास्ती. त्या दिवसापासून आवडू समुद्राकडे तोंड करून "बाबलचो, बाबलचो, बाबलचो" म्हणू लागली. ओढणाऱ्यांच्या हाताला फोड आणि पदरात मूठभर खारी मासळी. आवडूच्या घरी तर तेही नाही. मुलगा बुडाला तेव्हा घरचा तुकडाही गेला होता. सून शेवंता ओली बाळंतीण, तिचं दूध आटत चाललं होतं. रात्रंदिवस रडणारं पोर हळूहळू गप्प राहू लागलं. बोलावं तर गावाचं जाळं जाणार, न बोलावं तर पोर.

एके दिवशी वाटे पडले. मागून विचारलं, "ह्यो कोणाचो?"

आवडू म्हणाली, "जेचो हात दोरीक, तेचो."

"आवडे, तुका दिसणा नाय काय?" बाबल ओरडला.

"नाय रे बाबला. माजी पाठ आसा. कोण मोठो, कोण बारको, माका दिसणा नाय."

बाबलने भांडण केलं नाही. गड्यांना सांगून आपले तुकडे सोडवले आणि घरी नेले. वाळूवर राहिली ती नुसती दोरी आणि चार चिंध्या. तेव्हा लोक बाबलला नाही, आवडूलाच बोलले. "आमच्या पोरांच्या तोंडचो घास घालवलंस!" असं म्हणून त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. तिलाही तीच भीती होती.

आणि नेमका तेव्हाच बांगडा आला. खाडीच्या तोंडाशी पाणी काळं झालं, वर पक्ष्यांचा कालवा. गाव किनाऱ्यावर उभा राहून हात चोळत होता. भरती फिरली की मासळी जाणार. आवडूने घरातून आपलं दुसरं लुगडं आणलं आणि चिंध्यांना शिवायला बसली. सगळे तिला वेडी म्हणाले. मग शेवंताने पाळण्याची दोरी सोडून आणली. मग कुणी गोणपाट आणलं, कुणी घोंगडी, कुणी लग्नातला शेला. दोरा संपला तेव्हा आवडूने आपले केस कापून दिले आणि ते पांढरे केस कितीही वापरले तरी संपेनात, असं म्हणतात.

होडीने ते जाळं सोडलं, पण कापडाचं जाळं पाणी धरतं, ओढता ओढवत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दोरी माणसांनाच समुद्राकडे ओढू लागली. म्हातारे आले, आजारी आले, बाबलचे गडी आले. तरी पाय वाळूतून सरकतच होते. शेवटी माडाखाली उभा असलेला बाबल धावत आला आणि त्याने दोरी धरली. कणव आली की हाव सुटली, देव जाणे. पण जाळं वर आलं, आणि त्या चिंध्यांतून एक मासळी निसटली नाही, असं म्हणतात.

वाटे पडले. आवडू पाठ करून नावं घेत गेली. "बाबलचो" असंही म्हणाली, पण एकदाच. बाबलने मान खाली घालून आपला वाटा उचलला.

शेवटच्या वाट्यावर काठी टेकली. "ह्यो कोणाचो?"

उत्तर आलं नाही. लोकांनी पाहिलं तर आवडू तिथे नव्हती. पावलं पाण्यात गेलेली होती, परतलेली नव्हती. पोराला छातीशी धरून शेवंता रडू लागली, तेव्हा लाटेतून आवाज आला, असं म्हणतात: "जेका दोरी धरूक जमाक नाय, तेचो."

तेव्हापासून शिरगाळात एक वाटा जास्तीचा पडतो. त्या दिवशी ज्या घरात बाळंतीण असेल, आजारी असेल, एकटं म्हातारं असेल, तिथे तो जातो. नेणारा उपकार केल्यासारखा देत नाही, घेणाराही हात जोडत नाही.

आता समुद्रात मोठ्या यांत्रिक बोटी असतात आणि रापणीला फारशी मासळी लागत नाही. वाटे ओंजळीएवढे झालेत. शेवटच्या वाट्यावर काठी टेकते, "ह्यो कोणाचो?" आणि पाठ करून उभा असलेला माणूस क्षणभर थांबतो. त्याच्याही घरी पोरं आहेत. त्या क्षणी किनाऱ्यावर कुणी श्वास घेत नाही, कारण एक ना एक दिवस तो दुसरंच नाव घेईल, ही भीती प्रत्येकाला आहे.

मग तो म्हणतो, "आवडूचो." आणि माणसं दोरी गुंडाळायला लागतात.