गाळलेली ओळ

"आत सगळं चालू होतं बाबा. काहीही बंद पडलं नव्हतं. मग चूक माझी कशी?"

परागने हे तिसऱ्यांदा विचारलं.

भिवानाथबाबा मठाच्या दारात, आपल्या नेहमीच्या जागी बसून शेंगा सोलत होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले. 

त्या मठाला दार एकच. आत जागा चार. भुकेल्यासाठी भटारखाना, आजाऱ्यासाठी औषधाची खोली, थकलेल्यासाठी मुक्कामाची ओवरी आणि दर्शनाला आलेल्यासाठी समाधी. बाबा दाराशी बसून येणाऱ्याला एवढंच विचारत, "काय हवं?" आणि त्याला त्या वाटेला लावत. आतल्या वाटा बाहेरच्याला ठाऊक असायची गरज नव्हती.

आपलं कामही हेच, असं परागने गेल्या दत्तजयंतीला सांगितलं होतं. जरा छाती फुगवूनच. त्याच्या कंपनीत शेकडो छोटे प्रोग्रॅम आपापल्या डब्यांत चालत. त्या डब्यांना कंटेनर म्हणतात. ते उघडतात, मिटतात, एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जातात. बाहेरून कुणाच्या मोबाईलवरून हाक आली, की ती कोणत्या कामाची आहे हे दारातच ओळखायचं आणि त्या कामाचा डबा जिथे असेल तिथे तिला पोचवायचं. त्या दाराचे नियम पराग लिहायचा.

"तुम्ही दिवसाला शंभर माणसं वाटेला लावता बाबा. माझं दार एका सेकंदाला हजार हाका वाटेला लावतं."

"मग तू चहा कधी पितोस?" बाबांनी विचारलं होतं. सगळे हसले होते. पराग सगळ्यांत मोठ्याने.

ते हसणं आज त्याला आठवलं आणि त्याची मान खाली गेली.

कंपनीचं काम होतं खेड्यापाड्यांतून रुग्णवाहिका बोलावून देण्याचं. दाराच्या नियमांत अगदी तळाशी एक जुनी ओळ होती. पहिल्यावहिल्या ॲपमधून येणाऱ्या हाका त्या ओळीवरून आत जात. परागने मोजलं, तर आठवड्याला अकरा. कोट्यवधींत अकरा. त्याने ती ओळ गाळली. यादी कशी सुबक दिसू लागली. ज्या हाकेचा नियमच नाही, तिला दाराचं एकच ठरलेलं उत्तर होतं: असं काही इथे नाही.

सगळं नीट चाललंय ना, याची तपासणी दर मिनिटाला होत असे. पण ती आतल्या आत. एक डबा दुसऱ्याला विचारी, ठीक आहेस ना? दुसरा म्हणे, ठीक. पडद्यावर सगळे दिवे हिरवे.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, डोंगरातल्या एका पाड्यावर एक बाई अडली. तिथल्या आशाताईंकडे सरकारी फोन होता, जुना, त्यात अजून ते पहिलंच ॲप. त्यांनी रुग्णवाहिकेचं बटण सात वेळा दाबलं. सातही वेळा तेच उत्तर आलं. शेवटी भाजीच्या टेम्पोत घालून नेलं.

बाई वाचली. बाळ गेलं.

चौकशीत निघालं, की रुग्णवाहिकेची सेवा एक मिनिटही बंद नव्हती. परागवर ठपका आला नाही. साहेबांनी उलट त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोन आठवडे होत आले, तरी तो हात त्याच्या पाठीवरून उतरला नव्हता.

त्याच्या खिशात राजीनाम्याचा कागद होता. सकाळपासून तो त्याने चारदा चाचपला होता.

"मला इथे ठेवून घ्या," तो म्हणाला. "भांडी घासेन, लाकडं फोडेन. पण दार नको... कुठलंच दार नको."

बाबांनी ताटली बाजूला सारली.

"मी तुझ्याएवढा होतो," ते म्हणाले. थांबले. बोलणं त्यांना नेहमीच जड जाई. "एक जण आला. भूक नाही म्हणाला. आजारी नाही. मुक्काम नको. दर्शन नको... गुरूंनी मला चारच वाटा शिकवल्या होत्या."

"मग?"

"मी म्हणालो, मग इथे तुझं काही नाही."

दारावरून एक कुत्रं गेलं. बाबा ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.

"तो नमस्कार करून गेला. चांगला दोन्ही हात जोडून... सकाळी नदीच्या घाटावर त्याच्या चपला सापडल्या. शेजारी शेजारी ठेवलेल्या."



लहानपणापासून पराग या मठात येत होता आणि बाबांची एक गंमत पाहत होता. रोज सकाळी ते भटारखान्याच्या मागच्या दाराने बाहेर पडत, काठी टेकत सगळ्या भिंतीला वळसा घालत आणि आपल्याच मठाचं पुढचं दार बाहेरून वाजवत. आतून कुणीतरी वैतागून उघडे. आचारी म्हणे, "आले पाहुणे." म्हाताऱ्याची लहर, असंच सगळे समजत. आजपर्यंत परागही.

त्याने आता बाबांकडे पाहिलं. त्यांचे हात गुडघ्यांवर पडले होते. शेंगांची माती नखांत अडकली होती.

"ऊठ," बाबा म्हणाले.

त्यांनी दार लोटलं, आतून कडी घातली आणि परागचा दंड धरून त्याला आपल्या जागी बसवलं. मग काठी घेऊन भटारखान्याकडे निघाले.

"बाबा, मी दार नको म्हणालो."

ते वळले नाहीत.

पराग बसून राहिला. बसायची जागा मधोमध खोलगट झाली होती. भिंतीपलीकडे काठीचा आवाज येऊ लागला. टक्... टक्... वळसा मोठा होता आणि पाय म्हातारे. मध्ये एकदा आवाज थांबला, तसा तो उठून उभा राहिला. मग काठी पुन्हा वाजली.

दारावर थाप पडली.

त्याने कडी काढली. बाहेर बाबा उभे होते, दम लागलेले. त्याला कधी पाहिलंच नाही, अशा नजरेने बघत होते.

"काय हवं?" परागने विचारलं.

बाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"जेवायचंय?"

मान हलली. नाही.

"बरं नाही का? औषध हवंय?"

नाही.

"मुक्काम करायचाय?... दर्शनाला आलात?"

नाही.

पुढचं वाक्य परागच्या ओठांवर आपोआप आलं होतं. आयुष्यभर तेच तर लिहीत आला होता. त्याने ते गिळलं. दोन्ही हातांनी दाराची फळी धरली.

"मग... कुठे जायचंय तुम्हाला?"

"ठाऊक नाही रे बाळा," बाबा म्हणाले. "दार दिसलं, म्हणून वाजवलं."