बाराशेची टॅक्सी आणि तीन घोषणा

दोन राज्यं ओलांडून विमानाने झगमगपूरला यायचं भाडं नऊशे रुपये, आणि विमानतळावरून गावातल्या घड्याळ चौकात जायला टॅक्सी बाराशे!

कारण उघड होतं. विमानतळ गावापासून पंधरा कोसांवर. टॅक्सी सगळ्या राजाच्या मेहुण्याच्या, भुजंगरावांच्या. पूर्वी दहा रुपयांत एक बस जायची, पण तिच्यामुळे विमानतळाची शोभा जाते म्हणून भुजंगरावांनीच ती बंद करवली होती.

सगळ्यात जास्त हाल हौसाचे. ती विमानतळावर फरशी पुसायची. तीन दिवस राबावं तेव्हा एका टॅक्सीचे पैसे सुटत. म्हणून ती विमानतळामागच्या पत्र्याच्या खोलीत राहायची आणि महिन्यातून एकदा घरी जायची. गेल्या खेपेला अकरा महिन्यांच्या बकूने आईला पाहून भोकाड पसरलं आणि आजीच्या पदरात तोंड लपवलं. तेव्हापासून हौसाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पोर विसरली, की आपणच आई म्हणून कच्च्या? पुसता पुसता ती एकच फरशी चारचारदा पुसायची.

अशात एके दिवशी राजा धुरंधरसिंह शेजारच्या राज्यात फीत कापायला निघाला. चकचकीत फरशी पाहून खूश झाला आणि म्हणाला, "काय, कसा आहे आमचा विमानतळ?"

"स्वर्ग आहे, महाराज, स्वर्ग!" भुजंगराव म्हणाले.

"स्वर्गच!" हौसा म्हणाली. "आत गेलेला माणूस परत घरी जात नाही!"

बोलली आणि जीभ चावली. हे तिचं नेहमीचंच. आधी बोलायचं, मग रात्रभर कूस बदलायची.

"कोण गं तू?" राजा गरजला. "टॅक्सी नाहीत का जायला?"

"आहेत की, महाराज! विमान विकलं तर परवडतील."

राजाच्या मिशा थरथरल्या. "फार बोलतेस! मग दाखव ना स्वस्तात नेऊन! मी परवा दुपारी परत येतोय. चौकात माझं भाषण आहे. ते संपायच्या आत शंभर प्रवासी इथून चौकात हजर कर. कुणी एक पैसा द्यायचा नाही, कुणी पायी चालायचं नाही, आणि गाडी तू आणायची नाही! जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर वर्षभर या स्वर्गाबाहेर पाऊल टाकायचं नाही!"

भुजंगराव खो खो हसले. विमान उडालं. हौसा बादलीशेजारी मटकन बसली. वर्षभर! तोवर बकू चालायला लागेल, बोलायला लागेल आणि आपल्याला 'मावशी' म्हणेल. काय गरज होती तोंड उघडायची?

दुसऱ्या दिवशी ती रडवेल्या तोंडाने फरशी पुसत होती, तेव्हा खांबाआडून आवाज आला. स्वागतप्रधान तात्यासाहेब फोनवर बोलत होते. राजा बाहेरून आला की गावातून बस भरभरून माणसं आणायची, त्यांच्याकडून जयजयकार करवायचा आणि राजाच्या मागे मिरवत त्यांना चौकात न्यायचं, ही झगमगपूरची रीत. ती सांभाळायचं काम तात्यांचं.

"अहो, माणसंच मिळत नाहीत!" तात्या कळवळून सांगत होते. "चार बस ठरल्या, शंभर फेटे आले, वडापाव सांगून झाले. पण येतंय कोण? गेल्या खेपेला माझ्या साडूला तीन वेगवेगळे फेटे बांधून तीनदा उभा केला!"

हौसाच्या हातातलं फडकं थांबलं. मग तिने पदर खोचला.

"तात्यासाहेब, बस रिकाम्याच आणा. शंभर माणसं मी इथेच उभी करते."

"किती घेतील?"

"काही नाही. फक्त मिरवणुकीबरोबर चौकापर्यंत न्यायचं."

"आणि वडापाव?"

"एकेक पुरे."

तात्या तिच्या पाया पडायचेच बाकी राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी हौसा टॅक्सीच्या रांगेशेजारी उभी राहून विचारू लागली, "बाराशे रुपये, की तीन घोषणा?"

"मोठ्याने द्यायच्या का?" बॅगा ओढत आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं.

"महाराजांना ऐकू जातील इतक्या."

"बाराशे वाचत असतील तर बाई, मी नाचतोसुद्धा!"

राजा विमानातून उतरला आणि असा जयजयकार झाला की काचा थरथरल्या. प्रत्येकाचे बाराशे वाचले होते, घोषणा बेंबीच्या देठापासून येत होत्या! राजाचे डोळे पाणावले.

घड्याळ चौकात तो गहिवरून बोलला, "आज कळलं, प्रजा माझ्यावर किती प्रेम करते!" आणि तेवढ्यात त्याला समोर फेटा बांधलेली हौसा दिसली. "काय गं! भाषण संपत आलं. कुठे आहेत तुझे शंभर प्रवासी?"

हौसाने मागे वळून हात उंचावला. त्याबरोबर शंभर बॅगा वर गेल्या. प्रत्येकीला विमानाची चिठ्ठी लटकत होती!

"मोजून घ्या, महाराज. पैसा कुणी दिला नाही, पायी कुणी आलं नाही. आणि गाड्या मी नाही, तुम्ही आणल्यात!"

"फसवणूक!" भुजंगराव ओरडले. "महाराज, ही स्वागताला आलेली माणसं नाहीत. हे नुसते प्रवासी आहेत!"

"असं?" हौसा म्हणाली. "मग महाराजांच्या स्वागताला आज कुणीच आलं नव्हतं, हे तुम्हीच त्यांना जरा मोठ्याने सांगा!"

राजाने भुजंगरावांकडे पाहिलं, बॅगांकडे पाहिलं, आणि पोट धरून हसू लागला. हसता हसता त्याचा मुकुट कानावर आला.

"हरलो, पोरी! माग काय हवं ते!"

"दहा रुपयांची बस, महाराज. रोज, सकाळ-संध्याकाळ."

"दिली! आणि घोषणा?"

"ज्याला मनापासून वाटेल त्याने द्यावी."

"मान्य!" राजा छाती फुगवून म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी बस सुरू झाली. बकूने पहिल्या संध्याकाळी भोकाड पसरलं, चौथ्या संध्याकाळी पसरलं नाही. बस रोज गच्च भरून येते. घोषणा एकदाच झाली, पहिल्या दिवशी, हौसाने दिली. तेव्हा कंडक्टर धावत आला आणि म्हणाला, "काय झालं बाई? स्टॉप चुकला का?"