तबकाखालचा मासा

नदीकाठी वसलेल्या एका गावात धोंडशेट नावाचे सराफ राहत. चांदीच्या भांड्याच्या बुडाशी घडवणारा कारागीर आपला बारीकसा ठसा उमटवतो. कुणाचा मोर, कुणाचा शंख, कुणाची नुसती दोन अक्षरं. पंचक्रोशीतल्या साऱ्या चांदीकारांचे ठसे धोंडशेटनी एका जाड वहीत उतरवून ठेवले होते. भांडं उपडं करायचं, वही चाळायची आणि ते कुणाच्या हातचं ते सांगून मोकळं व्हायचं. तीस वर्षांत ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. याचा त्यांना भारी अभिमान होता.

गावच्या देवळात एक चांदीचं तबक होतं. पाटलांच्या आजोबांनी ते देवाला वाहिलेलं. यंदा पाटलांच्या मनात आलं, ज्यानं तबक घडवलं त्याच्याच घराण्याकडून देवाला समई करून घ्यावी. त्यांनी तबक धोंडशेटपुढे ठेवलं.

धोंडशेटनी ते उपडं केलं. बुडाशी एक मासा होता, त्याच्या पोटावर तीन ठिपके. त्यांनी वही चाळली. पुन्हा चाळली. मासा कुठेच नव्हता. पण ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द काही ओठावर येईनात. मग त्यांनी तबकाचा काठ घासून पाहिला. आतून लालसर तांबं डोकावलं, आणि धोंडशेटना हायसं वाटलं.

“हे चांदीचं नाहीच,” ते ठासून म्हणाले. “तांब्यावर मुलामा आहे. आणि असा ठसा जगात कुणा कारागिराचा नाही. पाटील, तुमच्या आजोबांचं तबक कुणीतरी बदललंय.”

देवळाच्या किल्ल्या एकाच माणसाकडे असत, मार्तंड गुरवाकडे. तीन पिढ्या त्याच्या घरात देवाची सेवा होती. तो कळवळून म्हणाला, “पाटील, हा मासा मी लहानपणापासून बघतोय. हेच तबक आहे.” पण धोंडशेटच्या वहीपुढे गुरवाचं कोण ऐकतो? पाटलांनी हुकूम सोडला, “उद्या सकाळी किल्ल्या चावडीवर आणून दे आणि गाव सोड.”

मला या धोंडशेटांचा राग येतो. एका माणसाच्या तोंडून तीन साधे शब्द निघेनात, म्हणून दुसऱ्याचं घर उठत होतं.

सकाळी चावडीवर गाव जमला. गुरवानं किल्ल्या पाटलांपुढे ठेवल्या. गुरवाची बायको बोचकी घेऊन खाली मान घालून उभी होती. तबक धोंडशेटपुढे उपडंच पडलेलं. तेवढ्यात पाटलांकडे भांडी घासणाऱ्या गोजरबाई तिथून कामाला निघाल्या होत्या. त्यांची नजर माशावर गेली आणि पाय थांबले.

बोलावं तर ज्या घरचं अन्न खाते, त्याच घराचं उणं चारचौघांत निघणार. गोजरबाईंनी एकदा पाटलांकडे पाहिलं, एकदा त्या बोचक्यांकडे पाहिलं. मग पदर खोचून त्या पुढे झाल्या.

“पाटील, ह्यो मासा माझ्या वळखीचा हाय. रोज घासती मी त्याला.”

धोंडशेट हसले. “गोजरबाई, माझ्या वहीत नाही तो मासा तुझ्या राखेत कुठून आला?”

“तुमची वही चांदीवाल्यांची, शेट. ह्यो मासा तांबटाचा हाय. माझ्या माहेरच्या हंड्याखाली हाच हाय.” मग आवाज खाली आणून त्या पाटलांना म्हणाल्या, “आन् तुमच्या देव्हाऱ्यातल्या तबकाखाली बी हाच हाय.”

पाटलांचा चेहरा उतरला. आजोबांनी एकसारखी दोन तबकं करवली होती, एक देवाला, एक घरात. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. पण घरातलं तबक पाटलांनी कधी उपडं करून पाहिलं नव्हतं. त्यांनी ते मागवलं. बुडाशी तोच मासा, तेच तीन ठिपके. काठाला घासून घासून तेच तांबं दिसू लागलेलं. तबक कुणी बदललं नव्हतं. आजोबांनी तांबटाकडून घडवून, वर चांदीचा मुलामा देऊन, तसंच देवाला वाहिलं होतं.

तेव्हा गोजरबाईच म्हणाल्या, “मान खाली नगा घालू, पाटील. आजोबांनी जे घरात ठिवलं तेच देवाला दिलं. घरात चांदी आन् देवाला मुलामा, असं तर न्हाई केलं.”

पाटील उठले. त्यांनी स्वतःच्या हातानं किल्ल्या गुरवाच्या हातात दिल्या आणि सगळ्यांदेखत त्याची माफी मागितली. धोंडशेटही उभे राहिले. “ठसा मला ओळखता आला नाही, एवढंच खरं होतं. बाकीचं मी माझ्या मनानं जोडलं,” ते म्हणाले.

त्यानंतर धोंडशेटनी वहीला नवी पानं जोडली आणि घरोघरी जाऊन हंडे, घंगाळी उपडी करून तांबटांचे ठसे उतरवले. पहिला उतरवला तो मासा. आणि एखादा ठसा तरीही सापडला नाही, की ते दुकानात बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, “मला ठाऊक नाही. गोजरबाईंना विचारून या.”

तात्पर्य: आपल्याला ओळखता आलं नाही म्हणून समोरचं खोटं ठरत नाही. माहीत नसेल तर तसं मोकळेपणानं सांगावं. नाहीतर आपल्या अज्ञानाची शिक्षा निरपराध माणसाला भोगावी लागते.